सुतक पाळण्याची ऐपत

१२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, ही हकीकत नाटकवेड्या मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. बावीस वर्षांच्या नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, त्या रात्री तोंडाला रंग लावला, भामिनीचा साज चढवला आणि प्रयोग केला. ही हकीकत सांगताना सांगणाऱ्याच्या आवाजात आदर उतरतो आणि तो आदर खरा असतो, त्यामुळे त्याच्याशी माझे भांडण नाही. माझी हरकत पुढच्या गोष्टीला आहे. शंभराहून अधिक वर्षे आपण ही हकीकत कलावंताच्या निष्ठेचे माप म्हणून वापरत आलो, आणि ज्यांना हे माप लावले गेले त्यांतल्या बहुतेकांना त्या रात्री ‘आज जमणार नाही’ असे म्हणण्याची सोयच नव्हती. ज्याला नकार देता येत होता त्याने प्रयोग केला तर तो त्याचा निश्चय म्हणावा; ज्याला नकार परवडतच नव्हता त्याच्या हसण्याला निष्ठा म्हणणे हे आपल्या सोयीचे आहे.

नागपुरात राहून हा विषय पाहिला की तो फार काळ अमूर्त राहत नाही. आमच्या पूर्वेला आणि दक्षिणेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमी दर वर्षी दिवाळीनंतर जागी होते, मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावोगाव मंडप पडतात, रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेपर्यंत खाली येत नाही, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाट्यसंस्थांच्या गाड्या उन्हाळा लागेपर्यंत एका गावाहून दुसऱ्या गावाकडे धावत राहतात. नागपुरातले अनेक नट, नट्या, गायक, वादक आणि नर्तिका या हंगामासाठी तिकडे जातात. तिथले नाटक कितीही रडवणारे असो, त्यात विनोदी पात्र हवेच. सासूने सुनेला घराबाहेर काढल्यावर पाच मिनिटांत मंडप हसला पाहिजे, असा तिथल्या प्रेक्षकांचा हिशेब आहे आणि त्यात वावगे काही नाही. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका ही त्यांची कामगिरी सर्वत्र सांगितली गेली. त्यांच्या खासगी आयुष्याविषयी मला काहीच म्हणायचे नाही. पण पाच हजार रात्री हा आकडा मनात धरून बघावा. एवढ्या रात्रींच्या काळात कोणाच्याही घरी आजारपणे येतात, कोणी वारते, एखादे लग्न मोडते, एखादे पीक बुडते. त्या रात्रींनाही मंडप भरलेलाच असतो.

या व्यवसायातला पैसा ‘नाइट’वर मिळतो. प्रयोग केला तर नाइट मिळाली, न केला तर नाही, आणि हंगामाआधी उचल घेतलेली असेल तर न केलेला प्रयोग केवळ बुडालेले उत्पन्न राहत नाही, तो कर्जात जमा होतो. शहरातल्या कलावंतांचेही पंचांग असेच अरुंद आहे. नागपुरात भीमगीते गाणाऱ्यांचा मोठा हंगाम एप्रिलमधल्या जयंतीच्या आगेमागे आणि विजयादशमीला दीक्षाभूमीवर गर्दी लोटते तेव्हा, ऑर्केस्ट्रावाल्यांचा गणपती-नवरात्रात, लग्नाच्या संगीत समारंभात माइक हातात घेऊन वऱ्हाडाला नाचवणाऱ्या निवेदकांचा लग्नसराईत, मुलांच्या वाढदिवसाला विदूषकाचा पोशाख घालणाऱ्यांचा तर शनिवार-रविवारी. एखाद्या कचेरीतल्या माणसाचे वडील ऑगस्टमध्ये वारले काय किंवा एप्रिलमध्ये वारले काय, पगाराच्या दृष्टीने फरक पडत नाही. भीमगीते गाणाऱ्याचे वडील दहा एप्रिलला वारले तर त्याच्यापुढे वडील आणि वर्षाची मिळकत अशी निवड येते, आणि दुसऱ्या दिवशी तो मंचावर दिसला तर आपण त्याला ‘हाडाचा कलावंत’ म्हणून हार घालतो.

आता दुसरी बाजू पाहावी. मृत्यूनंतर काही काळ जगाच्या व्यवहारातून बाजूला होण्याची मुभा आपल्या समाजाने फार पूर्वीपासून दिलेली आहे. सुतकाच्या विटाळाची कल्पना मला मान्य नाही आणि ती ज्यांनी झुगारली त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही त्या दहा-तेरा दिवसांत एक शहाणपण होते. शोकात असलेल्या माणसाकडून कोणी हसण्याची, सणाची, देण्याघेण्याची अपेक्षा करत नसे. किंबहुना आजही एखाद्या गावात कार्यक्रमाच्या दिवशी मयत झाली तर मंडळ बसते, चर्चा करते आणि बहुधा कार्यक्रम पुढे ढकलते. त्यासाठी मंडपाचा खर्च अंगावर घेतला जातो, वाजंत्री परत पाठवली जातात, आणि ‘गावात प्रेत असताना नाटक कसं करायचं’ एवढे एक वाक्य सगळ्यांना पुरते. हेच गाव, हेच मंडळ, हाच मंडप. मयत मात्र नटाच्या घरी झालेली असेल, दोनशे किलोमीटरवर, तर ते वाक्य कोणाला आठवत नाही. मंडळाला दोष देऊन भागणार नाही, कारण नटाने ते सांगितलेलेच नसते. आणि नट सांगत नाही, कारण सांगून काय होणार हे त्याला ठाऊक असते: फार तर पाठीवर हात पडेल आणि मग विचारले जाईल, ‘पण तेवढा प्रयोग तर होईल ना?’ दुःख लपवणे म्हणून ज्याचे आपण कौतुक करतो, त्यातला मोठा भाग हा असा, सांगून उपयोग नाही हे जाणणाऱ्या माणसाचे गप्प राहणे आहे.

कौतुकाच्या या गोष्टी सांगताना आपण त्या कशा कापून घेतो, हेही बघण्यासारखे आहे. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे: दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, मंचामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. बहुतेक वेळा गोष्ट इथेच थांबते आणि टाळ्या पडतात. पण ही गोष्ट जिथे पूर्ण सांगितली जाते तिथे तिला आणखी एक टप्पा आहे. विठाबाई परत आल्यावर त्यांचे पोट दिसेना म्हणून प्रेक्षकांनीच चौकशी केली, आणि खरे कळल्यावर त्याच प्रेक्षकांनी तमाशा थांबवून त्यांना विश्रांती घ्यायला सांगितले. समोर बसलेला, तिकीट काढून आलेला, बहुधा शिट्टी मारणारा प्रेक्षक कळल्याबरोबर थांबला. पुढे गोष्ट सांगणाऱ्या सुशिक्षितांनी तेवढाच भाग गाळला, कारण तो ठेवला तर शौर्यगाथेची धार कमी होते. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या या बाईंचे २००२ साली निधन झाले ते हलाखीत, आणि इस्पितळाचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला; हाही भाग आपण फारसा सांगत नाही. कलावंताच्या सोशिकपणाचे पोवाडे गाणाऱ्या समाजाला त्या सोशिकपणाचे बिल कोणी दाखवलेले आवडत नाही.

या कौतुकामागे एक जुनी समजूतही काम करते: हसवणारा आतून रडत असतो, किंबहुना आतून रडतो म्हणूनच तो हसवू शकतो. सिनेमाने ही समजूत पोसली, कवितांनी सजवली, आणि एखादा विनोदी नट गेला की श्रद्धांजलीच्या लेखांत ती हमखास येते. भरताच्या नाट्यशास्त्रात मात्र हास्याचा उगम शृंगारात आणि करुणाचा रौद्रात सांगितला आहे; हास्य करुणातून निपजते असे तिथे नाही. मला यात शास्त्राधार शोधायचा नाही, पण ज्यांनी नाट्याचा इतका बारीक विचार केला त्यांना हसवण्यासाठी दुःखाची गरज वाटली नव्हती, एवढे नोंदवण्यासारखे आहे. प्रत्यक्ष मंचावर तर दुःख विनोदाच्या आड येते. करुण भूमिका करणाऱ्या नटाला स्वतःचा हुंदका निदान भूमिकेत मिसळता येतो. विनोदी नटाला तो कुठेच ठेवता येत नाही. हशा टायमिंगवर उभा असतो, एक श्वास लांबला तर वाक्य पडते, समोरच्या नटाने टाकलेला शब्द त्याच क्षणी उचलावा लागतो आणि गर्दी कुठे सैल झाली आहे हे डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपत राहावे लागते. रात्रभर झोप नसलेल्या, फोनवर वाईट बातमी ऐकलेल्या माणसाने हे करून दाखवले तर ते दुःखाच्या बळावर केलेले नसते, दुःख असूनही केलेले असते, आणि त्याची किंमत त्याच्या शरीराने मोजलेली असते. ‘आतून रडणारा विदूषक’ ही कल्पना घातक ठरते ती इथे: दुःख हाच त्याच्या कलेचा कच्चा माल मानला की ते हलके करण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. अनेक कलावंतांना अशा वेळी मंचच हवा असतो. घरात सांत्वनाला आलेल्या नातेवाइकांची गर्दी, तोच तो तपशील पुन्हा पुन्हा सांगणे, बायकांचे रडणे, पुरुषांची कुजबुज, यांपेक्षा तोंडाला रंग लावून तीन-चार तास दुसरा कोणी होणे ही सुटका असू शकते. त्यांना ‘घरी बसा, तुमच्या भल्यासाठी सांगतो’ असे म्हणणे ही दुसरी जबरदस्ती झाली. हे मी पूर्ण मान्य करतो आणि याच कारणाने दुःख लपवणे वाईट, ते उघड करणे चांगले, असे सरसकट म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जात नाही. आपले दुःख कोणाला दाखवायचे हा माणसाचा हक्क आहे, आणि ज्याचे तोंड रोज हजारो लोक बघतात त्याला तर तो अधिकच आहे. हल्ली दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत गायकाचे गाणे सुरू होण्याआधी त्याच्या वडिलांचे आजारपण, आईची धुणीभांडी आणि गावाकडचे गळके घर यांची चित्रफीत दाखवतात, परीक्षक डोळे टिपतात आणि मग गाणे होते. दुःख लपवायला लावणारी व्यवस्था आणि दुःख विकायला लावणारी व्यवस्था या एकाच घरच्या आहेत. दोन्हींत कलावंताला विचारलेले नसते.

म्हणून मुद्दा लपवावे की दाखवावे हा नाहीच. प्रयोग न करण्याचा पर्याय त्याच्यापाशी खराखुरा होता का, एवढेच विचारायला हवे. तो असेल आणि तरीही कोणी मंचावर आला, तर त्याला हवे तितके हसू द्यावे, आपणही हसावे, आणि नंतर कळले तर मनातल्या मनात नमस्कार करावा. तो नसेल तर आपले कौतुक म्हणजे न दिलेल्या रजेची पावती आहे.

शासनाकडे पाहिले तर कलावंताची आठवण त्याला साधारणपणे म्हातारपणी येते. वृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठीच्या मानधन योजनेची रक्कम २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये झाली, हे चांगलेच झाले. पण तिच्यासाठी वयाची पन्नाशी गाठावी लागते. तीस वर्षांच्या नर्तिकेचे मूल तापाने फणफणलेले असताना तिला मिळणारी एका रात्रीची सवलत कोणत्याही योजनेत बसत नाही. राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा असते आणि ती घेताना त्याला कोणी निष्ठेची आठवण करून देत नाही. नाइटवर जगणाऱ्याला आठ नकोत, दोन-तीन दिवस मिळाले तरी त्याचे आयुष्य बदलेल, आणि ते देणे वाटते तितके अवघड नाही.

आयोजकाचे नुकसान खरे असते, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. त्याने मंडप घातलेला असतो, ध्वनी-प्रकाशाचे पैसे दिलेले असतात, तिकिटे विकलेली असतात, आणि गावातले मंडळ काही कुबेर नसते. म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकणारी सूचना टिकणार नाही. पण प्रयोग रद्द होणे हा एकच मार्ग आहे असे आपण धरून का चालतो? बदली नट ही व्यवस्था रंगभूमीला नवी नाही, आणि प्रॉम्प्टरच्या साथीने एका दिवसात भूमिका उभी करणारे लोक झाडीपट्टीत काय, नागपुरात काय, पुष्कळ आहेत. हंगाम सुरू होताना प्रत्येक मुख्य भूमिकेसाठी, त्यातही विनोदी भूमिकेसाठी, बदलीचे नाव ठरवून ठेवणे आणि त्याला किमान काही नाइट हमखास देणे हे संस्थांना परवडणारे आहे. करारपत्रात दोन ओळी वाढवाव्या लागतील: जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूमुळे किंवा गंभीर आजारामुळे प्रयोग करता आला नाही तर उचल परत मागितली जाणार नाही, आणि ठरावीक नाइटपर्यंत अर्धे मानधन दिले जाईल. ते अर्धे कुठून येणार, तर तिकिटामागे रुपया-दोन रुपये बाजूला टाकून संस्थांनी मिळून उभारलेल्या निधीतून. लग्नाचे निवेदक आणि वाढदिवसाचे विदूषक एकेकटे काम करतात, त्यांना हे सहज जमणार नाही; त्यांच्यासाठी एकमेकांची सुपारी, म्हणजे ठरलेला कार्यक्रम, सांभाळण्याचा लेखी करार हाच तूर्त मार्ग दिसतो. तोंडी तर तो आजही चालतोच.

नागपूरला यात विशेष काही करता येण्यासारखे आहे, कारण इथली मोठी सभागृहे सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली आहेत. रेशीमबागेतले महापालिकेचे, सुमारे दोन हजार आसनांचे कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये खुले झाले. सिव्हिल लाइन्समधले डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. प्रमुख कलावंताच्या घरी मृत्यू झाल्यास भरलेले भाडे जप्त न करता पुढची तारीख द्यायची, एवढा नियम या सभागृहांनी स्पष्टपणे लिहून ठेवला तर आयोजकाची निम्मी धास्ती तिथेच संपते आणि तो कलावंतावर दडपण आणणार नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालयही याच शहरात आहे. दंडार, खडी गंमत आणि गोंधळ या लोककला सादर करणाऱ्या पथकांना निमंत्रण पाठवताना मानधन आणि प्रवासभत्ता जसा लिहिला जातो, तशीच ही तरतूदही लिहिता येईल. एका केंद्रीय संस्थेने ती लिहिली की खासगी आयोजकांसमोर नमुना तयार होतो.

मनाच्या उपचारांविषयी एकच गोष्ट सांगतो. पहाटे चारला रंग पुसणाऱ्या माणसाला सकाळची ओपीडी कितीही चांगली असली तरी उपयोगाची नसते. तो तेव्हा झोपलेला असतो किंवा गाडीत असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस दूरध्वनी सेवा चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. तो क्रमांक मेकअपच्या आरशाशेजारी चिकटवून ठेवायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. मात्र फोन लावणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळणार नसेल तर पलीकडचा समुपदेशक तरी किती सांगणार?

प्रेक्षकांच्या वाट्याला यात फार काही येत नाही. जाहिरातीतला नट न दिसल्यावर तिकिटाचे पैसे परत मागण्याचा हक्क त्यांना आहे आणि तो असावा. मंचावरून एवढीच घोषणा व्हावी की आज अमुक यांच्याऐवजी तमुक काम करतील. कारण सांगू नये, कारण सांगितले की पुन्हा दुःखाची जाहिरात सुरू होते आणि बदली आलेल्या बिचाऱ्या नटाला पहिला हशा मिळवायला अर्धा अंक लागतो.

राहिला आयोजकांचा नेहमीचा प्रश्न, की अशी सोय ठेवली तर लोक खोटेच मयत सांगून दुसरीकडची जास्त पैशांची सुपारी उचलतील. काही जण उचलतील. शाळा-कचेऱ्यांत आजी तीन-तीनदा वारल्याचे अर्ज आजवर कमी आलेले नाहीत, आणि तरी नैमित्तिक रजा रद्द करावी असे कोणत्याही साहेबाने अजून सुचवलेले नाही.